वुकॉमर्सच्या मेनूत कॅटेगरी दिसत नाही?

वुकॉमर्स म्हणजे वर्डप्रेस साइटवर ऑनलाइन दुकान चालवायचं प्लगइन. साइटची थीम क्लासिक (जुन्या पद्धतीची, ब्लॉकवर न चालणारी) असेल तर वर्डप्रेसच्या ‘अपिअरन्स’मधलं ‘मेनूज’ उघडा. डावीकडे पोस्ट, पेजेस दिसतात, पण ‘प्रॉडक्ट कॅटेगरीज’ गायब! ती वर उजवीकडच्या ‘स्क्रीन ऑप्शन्स’मध्ये दडलेली असते, तिथे टिक करा.

आता खरी गोम. ‘पैठणी’ मेनूत घालताना कस्टम लिंक (हाताने टाकलेला पत्ता) चिकटवू नका, कॅटेगरीच निवडा. पुढे स्लग (पत्त्यातलं कॅटेगरीचं नाव) बदलला तरी कॅटेगरीची लिंक आपोआप सुधारते. हाताने चिकटवलेली मात्र ४०४ (पान सापडलं नाही) दाखवते. उपकॅटेगरी हवी तर ओळ थोडी उजवीकडे ओढा. दोन पातळ्या पुरेत, मोबाइलवर तिसरी उघडताना गिऱ्हाईक वैतागतं.

सेव्ह करूनही मेनू दिसत नसेल तर खाली ‘डिस्प्ले लोकेशन’ला टिक करायची राहिलेली असते. नाहीतर कॅश, म्हणजे साठवलेली जुनी प्रत, दिसत असते.