चेंस्तोहोवाची पायी वारी: गालावरचे वण वाचताना

वॉर्साच्या जुन्या शहराला लागून द्वुगा रस्त्यावर पाउलिन साधूंचं पवित्र आत्म्याचं चर्च आहे. दर वर्षी 6 ऑगस्टला सकाळी तिथून पायी वारी निघते आणि 14 तारखेला चेंस्तोहोवाच्या यास्ना गुरा मठात, मारियाच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, गालावर वण असलेल्या चित्रापुढे पोचते. नऊ दिवस, सुमारे 245 किलोमीटर. 1711 मध्ये वॉर्सात प्लेगची साथ होती. तेव्हा बोललेल्या नवसातून ही वारी सुरू झाली.

आपल्या वारीत संतांच्या पादुका पालखीतून पुढे जातात. इथे प्रत्येक दिंडीपुढे क्रूस आणि त्या दिंडीच्या रंगाची पाटी असते. चालताना सगळे एकमेकांना ब्रात आणि सिओस्त्रा, म्हणजे भाऊ आणि बहीण म्हणतात. आपल्या 'माऊली'सारखंच, वय आणि हुद्दा विचारायची सोय नाही.

रोज पंचवीस ते पस्तीस किलोमीटर होतात आणि त्यातला बराच रस्ता डांबरी. पायाला फोड येतात ते अंतरामुळे कमी, ओल्या मोज्यांमुळे जास्त. म्हणून दर विसाव्याला बूट काढायचे, मोजे बदलायचे आणि ओले मोजे पाठीवरच्या पिशवीला बाहेरून अडकवून वाळवायचे. नवे बूट घालून येणारे दुसऱ्याच दिवशी लंगडायला लागतात. पाठीवर चार किलोंपेक्षा जास्त नको. बाकीचं सामान ट्रकने पुढच्या मुक्कामाला जातं, त्यावर दिंडीचा रंग आणि नाव पक्क्या शाईने लिहावं. कागदी चिठ्ठी पावसात गळून पडते आणि मग अंधारात शेकडो सारख्या पिशव्यांमधून आपली शोधत बसावं लागतं. झोपायला तंबू, नाहीतर शेतकऱ्याच्या कोठारातलं गवत. ऑगस्टमध्येही पहाटे गारठा पडतो, तेव्हा पातळ चादरीवर भागत नाही.

वाटेवर गावागावांच्या वेशीवर छोट्या देवळ्या लागतात. आत मारिया, तिच्या पायाशी फुलं, आणि कितीतरी ठिकाणी बाजूला पोलंडचा लाल-पांढरा झेंडा किंवा राष्ट्रचिन्हातला पांढरा गरुड. नवख्या माणसाला वाटतं की कोणीतरी देवाजवळ राजकारण आणून ठेवलंय. पण पोलंडच्या कलेत ही दोन चिन्हं इतकी जुनी सोबत आहेत की एक वाचल्याशिवाय दुसरं कळत नाही. गरुडाच्या डोक्याकडे मात्र नीट पाहा. कम्युनिस्ट राजवटीने 1945 नंतर राष्ट्रचिन्हातल्या गरुडाचा मुकुट काढला होता, तो राजवट बदलल्यावरच परत आला. त्या काळात मुकुटवाला गरुड हातात धरणं म्हणजे न बोलता बरंच काही बोलणं होतं.

निघण्याआधी वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक तास काढा. चित्रकार यान मातेइकोचं 'ग्रुनवाल्डची लढाई' हे 1878 चं चित्र तिथे आहे, 1410 मध्ये पोलंड आणि लिथुआनियाने जर्मन ट्यूटॉनिक धर्मयोद्ध्यांना हरवलं त्या लढाईचं: 426 सेंटिमीटर उंच, 987 सेंटिमीटर रुंद. खालच्या गर्दीत सगळे हरवतात आणि वर पाहायचं राहून जातं. वर आकाशात संत स्तानिस्वाव गुडघ्यांवर बसलेला आहे. हा क्राकुफचा बिशप, राजाच्या रागाने 1079 मध्ये मारला गेला. त्याच्या देहाचे तुकडे केले आणि ते पुन्हा जुळून आले, अशी कथा. पोलंडचं राज्य तेव्हा लहानलहान सरदारक्यांत फुटलेलं होतं. 1253 मध्ये त्याला संतपद मिळालं आणि लोक म्हणू लागले, देह जुळला तसं राज्यही जुळेल. म्हणून मातेइकोने लढाईच्या चित्रात तोच संत घेतला. मातेइको रंगवत होता तेव्हा पोलंड नकाशावरच नव्हता, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी वाटून घेतलेला होता. दुसऱ्या महायुद्धात हे चित्र लुब्लिनमध्ये जमिनीखाली लपवलं होतं. जर्मनांना ते नष्ट करायचं होतं, यावरूनच त्याचं वजन कळतं.

यास्ना गुराच्या खजिन्यात रिंग्राफ बघायला विसरू नका. गळ्यात अडकवायचं धातूचं छोटं पत्र, घाट ढालीचा किंवा चंद्रकोरीचा. मुळात चिलखताचा गळ्याजवळचा भाग, पुढे नुसतं पदक उरलं. त्यावर कोरलेली मारिया, आणि पुष्कळदा तिच्यामागे गरुड. आपल्या देव्हाऱ्यातला चांदीचा टाक हातात घेतलेल्या माणसाला हे लगेच ओळखीचं वाटेल, फरक इतकाच की हा टाक छातीवर घालून लढायला जायचे. 1768 ते 1772 मध्ये बारच्या संघाचे, म्हणजे रशियाच्या दबावाविरुद्ध उठलेल्या पोलिश सरदारांच्या फळीचे, सैनिक तो घालत. त्यांच्यातलाच काझीमेश पुवास्की याने यास्ना गुराच्या तटावरून रशियनांशी झुंज दिली. रशियाविरुद्धचा 1863 चा उठाव बुडाल्यानंतरच्या शोककाळात बायकांनी काळे दागिने घातले, लोखंडाचे आणि काळ्या दगडाचे. त्यावर काटेरी मुकुट, साखळी, क्रूस. सोनं अंगावर न घालणं हीच तेव्हाची भाषा होती.

वारीच्या शेवटच्या टप्प्यात मस्तूफजवळ प्शेप्रोश्ना गुर्का नावाची टेकडी लागते. इथे लोक थांबून एकमेकांची क्षमा मागतात, नऊ दिवसांत झालेल्या कुरबुरींची. मग शहरात मारियाच्या नावाचा सरळ लांब रस्ता आणि त्याच्या टोकाला मठाचा 106 मीटर उंच मनोरा. मठासमोर पोचल्यावर कित्येक जण जमिनीवर पालथे पडून दंडवत घालतात.

दर्शनाबद्दल स्पष्ट सांगतो. 14 तारखेला दिंडीला चॅपलमध्ये, म्हणजे मठातल्या चित्राच्या छोट्या देवळात, काही मिनिटंच मिळतात आणि त्या गर्दीत मूर्तिचित्र दिसतं ते फक्त सोनेरी चमक म्हणून. 15 ऑगस्टला मारियाच्या स्वर्गारोहणाचा सण, तेव्हा तर उभं राहायलाही जागा नसते. शक्य असेल तर एक दिवस जास्त राहा आणि 16 तारखेला पहाटे या. सकाळी 6 वाजता तुतारी वाजते आणि चित्रावरचा झाकणाचा पत्रा वर सरकतो. तो पत्रा 1673 चा. भोवतीची काळ्या आबनुसाची वेदी त्याहून थोडी जुनी.

चित्र लिंडनच्या फळ्यांवर आहे: 122 सेंटिमीटर उंच, 82 सेंटिमीटर रुंद. मारियाच्या डाव्या हातावर बाळ, उजवा हात त्याच्याकडे दाखवणारा. बाळाच्या हातात पुस्तक. बहुतेक वेळा वरून रत्नजडित वस्त्र चढवलेलं असतं, त्यामुळे चेहरे आणि हात एवढंच उघडं दिसतं. आता तिचा उजवा गाल पाहा, म्हणजे आपल्या डाव्या हाताचा. दोन समांतर चिरे आणि त्यांना छेदणारा तिसरा. मानेवर आणखी आहेत. 1430 च्या ईस्टरला मठ लुटला गेला तेव्हा चित्राची मोडतोड झाली. राजा व्वादिस्वाव यागेवो याने ते क्राकुफला दुरुस्तीला नेलं. परंपरेने सांगतात की जुना थर मेणाच्या रंगांचा होता आणि चित्रकारांनी वर लावलेला टेम्पेरा, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेला रंग, त्यावर धरेना, पुन्हा पुन्हा घसरून जाई. शेवटी त्याच जुन्या फळ्यांवर चित्र नव्याने रंगवलं. पण गालावरचे वार मात्र बुजवले नाहीत. टोकदार हत्याराने ते मुद्दाम पुन्हा कोरले. पुसणं सोपं होतं, तरी ठेवले. पोलिश कलेत देशाचं रूप म्हणून येणारी साखळदंडातली स्त्री, काटेरी मुकुटाचे दागिने, हे सगळं आम्हाला या गालापासून सुरू झाल्यासारखं वाटतं.

1655 मध्ये स्वीडिश सैन्याने मठाला वेढा घातला, 18 नोव्हेंबरपासून नाताळ उलटेपर्यंत, आणि मठाधिपती आउगुस्तिन कोर्देत्स्की यांनी दार उघडलं नाही. पुढच्याच वर्षी, 1 एप्रिल 1656 रोजी, राजा यान काझीमेश याने ल्वूफमध्ये मारियाला पोलंडची राणी म्हणून घोषित केलं. 1717 मध्ये चित्राला पोपने पाठवलेले मुकुट चढले. हे ठाऊक असलं की 1966 ची गोष्ट नीट कळते. 1957 पासून चित्राची एक प्रत देशभर गावोगाव फिरत होती. 1966 मध्ये सरकारने ती अडवली. लोकांनी फिरवणं थांबवलं नाही, 1972 पर्यंत रिकामी चौकट आणि एक मेणबत्ती गावोगाव गेली. लोक चौकटीपुढे गुडघे टेकत होते.

वेदीच्या मागून गुडघ्यांवर प्रदक्षिणा घालायची वाट आहे. गुडघ्याखाली दगड आहे, जाड पँट घालून या. भिंतींवर नवसाच्या वस्तू दाटीने लावल्यात, चांदीचे हात, पाय, हृदयं, चालू लागलेल्यांनी सोडलेल्या कुबड्या. चॅपलमध्येच काचेआड पोप जॉन पॉल दुसरे यांचा पांढरा कमरपट्टा आहे, 13 मे 1981 रोजी त्यांच्यावर झाडलेल्या गोळीचं भोक त्यावर तसंच आहे.

रात्री 9 वाजता आपेल होतो, राणीपुढे हजेरी. गाणं संपलं की तुतारी वाजते आणि पत्रा हळूहळू खाली येतो, आधी मुकुट झाकला जातो, मग गाल.