सिम्युलेटर पॅनेल: ब्रेकरची पट्टी बसली

घरच्या विमान-सिम्युलेटरला अखेर खऱ्या विमानातले ब्रेकर लागले, म्हणजे करंट जास्त झाला की लाइन तोडणारे. जुन्या मालातले, बटण ओढून बंद करता येणारे, डोक्यावर अँपिअरचा आकडा असलेले. सप्लायला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. लोडला हायवेवरच्या ट्रक स्पेअरच्या दुकानातले 24 व्होल्ट, 70 वॅटचे हेडलाइट बल्ब; एकेक जवळपास 3 अँपिअर खातो.

5 च्या ब्रेकरवर दोन बल्ब लावले तर तो ढिम्म हलत नाही. तिसऱ्याला बराच वेळ तग धरतो. चौथा लावला की थोड्याच वेळात टक्! बटण बाहेर येतं आणि खालची पांढरी कड दिसते. आतली द्विधातूची पट्टी तापून वाकायला वेळ लागतो, म्हणून मोटर सुरू होतानाचा झटका तो पचवतो. बटण बोटाने दाबून धरलं तरी उडायचा तो उडतोच. ट्रिप-फ्री म्हणतात ते हेच, आणि मला सगळ्यात आवडलेलं.

ब्रेकरचा आकडा विमानातला रेडिओ किती खातो यावरून ठरत नाही, वायरवरून ठरतो. 22 गेजच्या वायरला 5 अँपिअर, 20 ला साडेसात, 18 ला 10; गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड. हे गेज अमेरिकन बरं का. आपल्या बाजारात वायर स्क्वेअर एमएममध्ये मिळते, 20 गेज म्हणजे साधारण 0.5. शिवाय विमानातल्या वायरचं आवरण आपल्या पीव्हीसीपेक्षा खूप जास्त उष्णता सोसतं, म्हणून मी एक पायरी जाड वायर ओढली.

बेळगावच्या उद्यमबागेत मोटर वाइंडिंग करणारा दोस्त बघायला आला होता. ब्रेकर उडाला तसा म्हणाला, "दाब की परत, बसतंय ते!" विमानात असं चालत नाही. त्या ब्रेकरवरची यंत्रणा सुरक्षित उड्डाणाला लागतच असेल तर गार होऊ देऊन एकदाच दाबायचं, नाहीतर उतरेपर्यंत हात लावायचा नाही.

तरी या ब्रेकरला ठिणगी कळत नाही. घासलेल्या वायरीतून तुटक तुटक आर्क उडतो, पट्टी तापायच्या आत थांबतो, पुन्हा उडतो. 2 सप्टेंबर 1998 ला स्विसएअर 111 या प्रवासी विमानाच्या छतात बहुधा अशाच आर्कने इन्सुलेशनचं आवरण पेटलं. 229 जण गेले. आर्क ओळखणारे ब्रेकर आता निघालेत, पण माझ्या खिशाबाहेरचे.

पुढे तांब्याची बसबार, म्हणजे सगळ्या ब्रेकरना वीज पोचवणारी पट्टी, आणि अल्टरनेटर फील्डची, म्हणजे जनित्राच्या चुंबकाला वीज देणारी लाइन. अडीच अँपिअरचा जुना ब्रेकर कुणाकडे पडून असेल तर कळवा, निपाणीपर्यंत न्यायला येईन.