लिपी वाचता येत नाही, मग कळतं कसं?

"सिंधू संस्कृतीची लिपी अजून कुणाला वाचता येत नाही ना? मग ते लोक कसे राहत, काय खात, हे तुम्ही कशाच्या जोरावर सांगता?" पुरातत्त्व शिकलेय म्हटलं की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा संशय असतो, आणि तो रास्तच आहे.

बरंचसं सांडपाण्याच्या जोरावर. मोहेंजोदडोतल्या बहुतेक घरांत मोरी होती. भाजक्या विटा फट राहू नये अशा घट्ट बसवलेल्या आणि जमिनीला एका कोपऱ्याकडे उतार. तिथून पाणी गल्लीतल्या झाकलेल्या गटारात जायचं. गटारावरच्या विटा काढता यायच्या, मधेमधे गाळ बसायला खड्डे होते. म्हणजे ते साफ करणारं कुणीतरी होतंच. त्या माणसाला घरी बोलावत की दारातूनच परत पाठवत, ते मात्र विटांवरून कळत नाही. उत्खनन करणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांना गटारांच्या कडेला वाळूचे छोटे ढीगही सापडले. गाळ उपसला, पण उचलला नाही! पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे दिसतं तेच.

खाणं कळतं ते भांड्यांवरून आणि दातांवरून. हरियाणात फरमाणा इथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या चमूने उत्खनन केलं. तिथली भांडी आणि सांगाड्यांचे दात तपासल्यावर हळदीच्या आणि आल्याच्या स्टार्चचे कण मिळाले. गहू, जव, मसूर इतर ठिकाणीही सापडतात. यावरून हौशी मंडळी 'हडप्पाकालीन भाजी'च्या पाककृती लिहितात. त्यात लाल मिरची दिसली की मी पुढे वाचत नाही. मिरची आपल्याकडे आली पोर्तुगिजांबरोबर.

शेताचा पुरावा तर मला सगळ्यांत आवडतो. राजस्थानात कालीबंगाला नांगरलेलं शेतच सापडलं, हडप्पाची नगरं भरभराटीला येण्याच्याही आधीचं. तासं उभी आणि आडवी: एका दिशेची जवळजवळ, दुसऱ्या दिशेची लांब लांब. उत्खनन चाललं होतं तेव्हा त्याच भागातले शेतकरी अशाच तासांत जवळच्या ओळींत हरभरा आणि लांबच्या ओळींत मोहरी पेरत होते. उंच मोहरीची सावली हरभऱ्यावर कमी पडते. कालीबंगाच्या त्या शेतात हीच पिकं होती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण नांगरणारा डोकं लावून नांगरत होता एवढं नक्की.

लिपी उलगडली तर मलाही हवंच आहे. पण बहुतेक लेख मुद्रांवरचे, सरासरी पाचेक चिन्हांचे. तेवढ्यात नाव मावेल, हुद्दा मावेल, फार तर मालाची खूण. रात्री घरात काय शिजलं, ते मावणार नाही.