तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी परवडते का?

पतसंस्थेच्या काउंटरवर हप्ता भरायला आलेला सभासद पावती खिशात घालतो, पण हलत नाही. काचेतून बाहेर बोट दाखवून म्हणतो, "मॅडम, ती हिरव्या नंबरप्लेटची इलेक्ट्रिक स्कूटर तुमचीच ना? परवडती का?" मागे रांग असते, म्हणून मी "हो, परवडते" म्हणून मोकळी होते. खरं उत्तर एवढं छोटं नाही.

मी सातारा-कोरेगाव अप-डाउन करते. जाऊन-येऊन ४० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे १००० किलोमीटर. जुनी पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ द्यायची. २२ लिटर पेट्रोल, १०५ च्या भावानं महिन्याला २३०० रुपये. आता तेवढ्याच रस्त्याला भिंतीतल्या पिनेतून ३५ युनिट वीज जाते. चार्ज होताना थोडी वाया जाते, तीही यात धरली आहे.

इथे लोक चूक करतात. बिलावरची एकूण रक्कम भागिले युनिट करतात आणि तो दर गाडीला लावतात. घरगुती विजेला पहिल्या १०० युनिटांचा दर वेगळा आणि त्यापुढचा जवळपास दुप्पट. आमचं घर गाडी येण्याआधीच ११० युनिट खात होतं. म्हणजे गाडीचं एकूण एक युनिट वरच्या दरानं पडतं. वहन आकार, वीज शुल्क धरून मला ते १३ रुपयांना पडतं, म्हणजे महिना ४५५. दुकानदार सांगतो तसं "चहाच्या पैशात" वगैरे नाही, पण २३०० पुढे ४५५ म्हणजे महिन्याला १८०० हून जास्त वाचले. पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा माझी गाडी रस्त्यावर येईपर्यंत ३५,००० नं महाग पडली होती. एकोणीस महिन्यांत ते फिटले.

आता ज्यांना मी "घेऊ नका" म्हणते त्यांचं. आमच्या शेजारच्या काकूंचं रोजचं जाणं ८ किलोमीटर, मंडई आणि मुलीचा क्लास. त्यांचे महिन्याला ३७० रुपये वाचतील. फरक फिटायला आठ वर्षं लागतील आणि तोवर बॅटरी म्हातारी झालेली असेल. धूर नको, आवाज नको, पंपावरची रांग नको म्हणून घ्या, जरूर घ्या. पैशासाठी घेऊ नका. जितकी जास्त पळेल तितकी ही गाडी स्वस्त पडते. घरात उभी राहिली तर महागच.

"पण एवढी स्वस्त पडतेच कशी?" असंही कुणी विचारतं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिटांइतकी ऊर्जा असते. त्या ९ युनिटांत जुनी स्कूटर ४५ किलोमीटर जायची. ही एका युनिटात तिसाच्या आसपास जाते. बाकीचं पेट्रोल कुठे जात होतं? उन्हाळ्यात सिग्नलला उभं राहिल्यावर पायाला लागायची ना झळ, ते आपलेच पैसे होते. मोटर एवढी तापत नाही, बॅटरीतली बहुतेक ऊर्जा ती चाकाला देते. आणि ब्रेकच्या वेळी तीच मोटर उलटी कामाला लागून थोडी वीज बॅटरीत परत भरते. आम्ही दोघं कासला गेलो तेव्हा यवतेश्वरचा घाट चढून पठारावर पोचेपर्यंत ३८ टक्के बॅटरी गेली आणि माझ्या पोटात गोळा आला. परतीला घाट उतरताना आकडा २ टक्क्यांनी वर चढला. ह्यांनी त्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

कागदावर ही गाडी १२५ किलोमीटर जाते. रस्त्यावर ९० धरा, मागे माणूस आणि समोर चढ असेल तर त्याहून कमी.

खर्चाच्या बाजूला आणखी एक ओळ आहे, जी कुणी मांडत नाही: बॅटरी. वॉरंटी संपल्यावर ती गेली तर एकदम मोठा खड्डा. मी आमच्याच संस्थेत महिना ७०० रुपयांचं आवर्त ठेव खातं उघडलंय, त्या खात्याला घरात "बॅटरीबाई" म्हणतात. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावत नाही, अर्धा-पाऊण तास निवू देते. उष्णता हाच तिचा खरा शत्रू. आणि पिन लावण्याआधी वायरमन बोलावून १५ अँपियरचं सॉकेट आणि अर्थिंग नीट करून घेतलं. एक्स्टेंशन बोर्डावर रात्रभर गाडी लावणाऱ्यांना मी हात जोडते.

मागच्या पावसाळ्यात चार्जर बिघडला. नवीन यायला अकरा दिवस लागले. तेवढे दिवस एसटी. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तरी दिवसाचं भाडं माझ्या दिवसाच्या विजेपेक्षा जास्तच भरलं.

सातारकर म्हणून अभिमानानं "आपली गाडी कोयनेच्या पाण्यावर चालते" म्हणायचा मोह होतो. तसं नसतं. चंद्रपूर, कोराडीचा कोळसा आणि कोयनेचं पाणी तारेत एकच होतं, आणि त्यात कोळसाच जास्त. तरी देशातल्या विजेच्या सरासरीनं माझ्या ३५ युनिटांमागे २५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. २२ लिटर पेट्रोलमागे ५० किलो निघत होता. निम्मा कमी झाला, शून्य नाही झाला.

गेल्या आठवड्यात एक दूधवाले सभासद विजेचं बिल घेऊनच आले. रोज ६० किलोमीटर फिरतात. मी काउंटरवरच बिलावर पेन्सिलनं हिशोब मांडून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून टोपीत ठेवला आणि म्हणाले, "पटलं. पण आमच्याकडं सकाळची लाईट नसती. हितं तुमच्या पिनंला लावली तर चालंल का?"

मी शाखाधिकाऱ्यांकडे बघितलं. ते रजिस्टरात मान घालून बसले होते.