पीओपीतला जुना लाइट बदलताय? आधी भोक मोजा

दुकानात जाऊन नुसतं ‘१२ वॉटचा गोल द्या’ म्हटलं की अर्धा घोळ तिथेच होतो. वॉट म्हणजे विजेचा खप, भोकाचं माप नव्हे. त्याच १२ वॉटला एका कंपनीचा एलईडी पॅनेल १५० मिमीच्या आसपास भोक मागतो, तर दुसऱ्या कंपनीचा त्याहून मोठं. खोक्यावर ‘कटआउट’ म्हणून छापलेला आकडा बघायचा. पॅनेलची बाहेरची कड भोकापेक्षा निदान २० मिमी मोठी हवी. म्हणजे जुन्या पीओपीची तुटकी कड झाकली जाते.

सांगलीतल्या जुन्या घरांत काथ्या घालून ओतलेलं पीओपी असेल तर त्याची कड भुसभुशीत झालेली असते. लाइट हिसका देऊन ओढू नका. कडेखाली पातळ पट्टी सरकवा, पॅनेल थोडा खाली घ्या, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग बोटांनी वर दाबून धरा आणि मग सोडवा. स्प्रिंग सुटली तर बोट चेचतं आणि पीओपीचा टवकाही उडतो. भोक मोठं करायचं असेल तर होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) नुसता लावून चालत नाही, कारण मधल्या ड्रिलला धरायला काही उरलेलंच नसतं. प्लायच्या तुकड्यात त्याच होल सॉने भोक पाडा, तो तुकडा सिलिंगला घट्ट दाबून धरा आणि त्या भोकातून सॉ चालवा.

पण त्याआधी लाइट खरंच गेलाय का, ते बघा. बहुतेक वेळा गेलेला असतो तो ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज एलईडीला चालेल अशी करून देणारी छोटी डबी. मेन बंद करून शेजारच्या तशाच लाइटचा ड्रायव्हर लावून बघितला की निकाल लागतो. ड्रायव्हरच्या लेबलवर दोन आकडे महत्त्वाचे: करंट, उदाहरणार्थ ३०० मिलिअँपिअर, आणि आउटपुट व्होल्टेजची रेंज, समजा ३० ते ४२. नव्याचा करंट तेवढाच किंवा किंचित कमी असावा, आणि पॅनेलचं व्होल्टेज नव्याच्या रेंजमध्ये बसायला हवं. जास्त करंटचा ड्रायव्हर लावला की उजेड वाढतो, सगळे खूश होतात आणि काही दिवसांत पॅनेल काळवंडतो. दुसरी चूक म्हणजे ड्रायव्हर चालू ठेवून पॅनेलची पिन खोचणं. पॅनेल जोडलेला नसताना ड्रायव्हरचं व्होल्टेज वर चढून बसलेलं असतं. पिन लागताच तो झटका एलईडीवर येतो. आधी पिन, मग बटण.

ड्रायव्हर मरतो तो मुख्यतः उष्णतेने. आतला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १० अंश जास्त तापला की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. वर पत्रा आणि खाली पीओपी असेल, तर मे महिन्यात त्या पोकळीचं काय होत असेल ते सांगायला नको. ड्रायव्हर पॅनेलच्या पाठीवर टाकू नका, फूटभर बाजूला ठेवा. थर्माकोल किंवा काचलोकर त्याच्यावर नको. वळवाच्या पावसात व्होल्टेज खालीवर होतं, म्हणून १०० ते ३०० व्होल्ट इनपुटचा आणि सर्ज प्रोटेक्शन (व्होल्टेजच्या अचानक झटक्यापासून बचाव) असलेला ड्रायव्हर घ्यावा. लेबलवर आयएस १५८८५ हा ड्रायव्हरच्या सुरक्षेचा भारतीय मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. ड्रायव्हर आणि एलईडी एकाच प्लेटवर असलेले स्वस्त पॅनेल जुन्या घरात मी तरी सुचवणार नाही. एक भाग गेला की सगळंच फेकावं लागतं.

बटण बंद केल्यावरही लाइट मिणमिणत असेल तर तो दोष लाइटचा नसतो. बटण फेजवर नसून न्यूट्रलवर असतं, नाहीतर बटणात इंडिकेटर असतो. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका, मल्टिमीटर किंवा सिरीज लॅम्प (तपासणीचा बल्ब) लावून खात्री करा. जुना ५० वॉटचा हॅलोजन स्पॉट काढत असाल तर त्याचा १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरही काढून टाका. तो इलेक्ट्रॉनिक असेल तर त्याला चालायला ठरावीक किमान लोड लागतो, ५ वॉटच्या एलईडीवर तो लुकलुकतो.

वायर ॲल्युमिनियमची निघाली तर तिला तांब्याचा पीळ मारून काळी टेप गुंडाळायची नाही. तो सांधा गंजतो आणि गरम होतो. दोन्ही धातूंना चालणारा कनेक्टर वापरा. धातूच्या बॉडीला अर्थ द्यायचीच. गावभाग, मारुती चौकाकडच्या घरांत २०१९ किंवा २०२१ च्या पुराचं पाणी बोर्डापर्यंत चढलं असेल, तर वायरमनकडून मेगर (वायरच्या आवरणातून वीज गळते का ते मोजणारं यंत्र) लावून वायरिंग तपासून घेतल्याशिवाय नव्या लाइटवर पैसे घालू नका.

किती लावायचे? १० बाय १२ फुटांच्या खोलीला १५० लक्स (जागेवर पडणारा उजेड) धरले तर, भिंती-छतात वाया जाणारा उजेड धरून, लाइटमधून साधारण २८०० ल्युमेन उजेड निघावा लागतो, म्हणजे १२ वॉटचे तीन. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तेवढा तो पिवळसर: बसायच्या खोलीत ३००० केल्विन, ओट्यावर ४००० आणि सीआरआय (वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९०. सगळीकडे ६५०० चा पांढरा लावला की घराचा दवाखाना होतो. आणि घेताना एकाच बॅचचे दोन जास्त घ्या. दोन वर्षांनी आणलेला ‘तोच’ रंग शेजारी लावला की वेगळा दिसतो, शिवाय तेव्हा कंपनीने कटआउटही बदललेला असतो.