फुप्फुसांसाठी हैदराबादला बिऱ्हाड

माझं हृदय उजवीकडे आहे. फिल्म उलटी निघाली असं समजून एक्स-रेवाल्याने मला पुन्हा उभं केलं, तेव्हा घरी पहिल्यांदा कळलं. तोवर टीबीचा कोर्स होऊन गेला होता, तोही बेडका दरवेळी निगेटिव्ह येत असताना. आजाराचं नाव कार्टाजेनर सिंड्रोम. श्वासनलिकांच्या आतले सूक्ष्म केस जन्मापासून नीट हलत नाहीत, कफ वर ढकलला जात नाही. तो साचतो, पिकतो आणि नळ्या कायमच्या फुगून बसतात. बहुतेकदा आईबाप दोघांकडून सदोष जनुक आला तरच होतो. माझे आई-बाबा आतेमामे भावंडं, त्यामुळे नातेवाइकांना बरेच दिवस विषय पुरला.

खाटेच्या पायथ्याखाली विटा, मी पालथी आणि आई पाठ थापटतेय, अशी कित्येक वर्षं गेली. मग ऑक्सिजनचं मशीन आलं. ते विजेवर चालतं, आणि आमच्या पांढरकवड्याकडच्या गावात लाइन कधी जाईल याचा नेम नाही. सिलिंडर कायम भरलेला ठेवायचा.

शेवटी फुप्फुसांच्या प्रत्यारोपणावर आलं. प्रत्यारोपण म्हटलं की लोक ऑपरेशनचं विचारतात. मला आठवते ती प्रतीक्षायादीत नाव लागेपर्यंतची फरफट. सहा मिनिटं चालवून बघितलं, हृदयात नळी घालून दाब मोजला, किडकी दाढ काढायला लावली. पुढे प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवायची असते, तेव्हा जुना जंतू कुठेच नको. फुप्फुसं दोन्ही बदलायची. एक जुनं ठेवलं तर त्यातला संसर्ग नव्यात उतरतो. ‘चोवीस तास सोबत कोण राहील?’ असं समुपदेशक मॅडमनी विचारलं. आई बोलायच्या आत बाबा म्हणाले, ‘मी हाय ना.’

दात्याची फुप्फुसं शरीराबाहेर काही तासच टिकतात. हायवे गावाजवळून थेट हैदराबादला जातो, पण रात्री फोन आल्यावर गाडी शोधून वेळेत पोचणं अशक्यच. शेत मक्त्याने दिलं आणि दवाखान्याजवळ खोली केली. (नोंदणीला अधिवासाचा दाखला मागू नका, असं केंद्राने 2023 मध्ये राज्यांना सांगितलंय. परराज्यात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) पहिला फोन आला, उपाशीपोटी तयार झाले, आणि दात्याची फुप्फुसं तपासणीत बाद झाली. असं होऊ शकतं हे आधी सांगितलेलं असतं, तरी संताप येतोच. खोलीवर येऊन वरणभात खाल्ला.

नंतरच्या फोनला जमलं.

आता टॅक्रोलिमस, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, बारा-बारा तासांनी. रक्तातली तिची पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. बुरशीच्या भीतीने कुटाराजवळ, म्हणजे गुरांच्या भुशाजवळ, फिरकायचं नाही. शेत परत हाती आल्यावर बाबांनी घरामागचा गोठाच तिकडे हलवला.