तुम्ही विचारलंत म्हणून: सेन्यला आहे तरी काय?

डुब्रोव्हनिकची गर्दी नको, क्रोएशियातलं एखादं उतरती कळा लागलेलं जुनं बंदर सांगा, असं म्हणणाऱ्यांना सेन्य सुचवलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "पण तिथे आहे काय?"

एक खिंड आहे. गावामागच्या डोंगररांगेत सुमारे ७०० मीटर उंचीवर व्रात्निकची खिंड आहे आणि सेन्यचं सगळं बरंवाईट तिथूनच खाली उतरलं. १७७९ साली कार्लोवाच या आतल्या शहराहून या खिंडीतून थेट धक्क्यापर्यंत योझेफिना रस्ता आला. आतल्या मुलखातलं लाकूड आणि धान्य त्यावरून उतरायचं आणि जहाजांत चढायचं. १८७३ मध्ये कार्लोवाच-रियेका रेल्वे सुरू झाली, ती सेन्यला वगळून. माल रियेकाच्या बंदराकडे वळला. खिंडीतून यायला मग उरला वारा.

त्याचं नाव बुरा. आपल्या मतलई वाऱ्यासारखाच तोही जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, पण साम्य तेवढंच. मतलई रात्री हलकेच सुटतो; बुरा म्हणजे डोंगरापलीकडे साचलेली थंड, जड हवा खिंडीतून कोसळते, दिवसरात्र, कधी सलग काही दिवस. तो सेन्यला जन्मतो, रियेकात लग्न करतो आणि त्रिएस्तेत मरतो, असं तिथले लोक म्हणतात. कड्यावर ढगांची पांढरी टोपी बसली की तो येणार असं समजा. आकाश निळंभोर असतं, म्हणून नवखे फसतात. समोरच्या क्र्क बेटाची इकडची बाजू पाहा, नुसता उघडा दगड. वाऱ्याने उडवलेलं खारं पाणी तिथे झाड टिकू देत नाही.

सेन्यला रेल्वे आजही नाही. रियेकाहून किनाऱ्याच्या रस्त्याने साधारण सत्तर किलोमीटर, बसने दीड तासाच्या आसपास. परतीची बस आधी बघून ठेवा, रविवारी फेऱ्या कमी असतात. झाग्रेबहून गाडीने येताना महामार्ग झुता लोक्वा इथे सोडायचा आणि खिंडीतून उतरायचं. उतार वळणावळणांचा आहे, खालच्या गिअरमध्येच उतरा. बुरा वाढला की रस्ता टप्प्याटप्प्याने बंद करतात: आधी मोटारसायकली आणि उंच गाड्या, मग सगळ्यांनाच. म्हणून भाड्याने कॅम्परव्हॅन घेऊन हिवाळ्यात इकडे येऊ नये. निघण्याआधी क्रोएशियन ऑटो क्लबच्या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती बघा. गाडी लावताना तोंड डोंगराकडे ठेवा. वारा मागून असला तर उघडलेलं दार हातातून सुटतं, बिजागरीसकट वाकतं आणि भाड्याच्या गाडीचा भुर्दंड तुमच्याच माथी बसतो.

गावात अर्धा दिवस पुरतो. सुरुवात मोठ्या वेशीपासून करा (वेलिका व्राता). योझेफिना रस्ता इथेच संपायचा, आणि व्हिएन्नाकडच्या वाटेवरची अंतरं वेशीवर मैलांत कोरली आहेत. आकडे फारच लहान वाटतात, कारण तेव्हाचा तो मैल साडेसात किलोमीटरांचा. आतल्या गल्ल्यांत काही जागा एकदम मोकळ्या लागतात. १९४३ च्या बाँबफेकीत गावाचा बराच भाग पडला, त्यामुळे सलग जुनं गाव बघायची अपेक्षा ठेवून येऊ नका.

मग नेहाय किल्ला, धक्क्यापासून पंधरा-वीस मिनिटांची चढण. १५५८ मध्ये पुरा झालेला हा चौकोनी ठोकळा गावाबाहेरची चर्चं आणि मठ पाडून त्यांच्याच दगडांत बांधला, शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून. चारही कोपरे चार मुख्य दिशांना आहेत, भिंती दोन ते सव्वातीन मीटर जाड. इथे उस्कोक राहत. ऑटोमनांनी १५३७ मध्ये क्लिसचा किल्ला घेतल्यावर आलेले हे निर्वासित पुढे समुद्री लुटारू झाले आणि व्हेनिसच्या जहाजांनाही सोडेनासे झाले. अखेर व्हेनिसशी झालेल्या १६१७ च्या तहानंतर त्यांना आतल्या भागात हलवलं. आत त्यांचंच संग्रहालय आहे; वेळ हंगामानुसार बदलते, म्हणून चढण्याआधी खाली चौकशी करा.

मे-जून किंवा सप्टेंबर बरा. २०२३ पासून युरो चालतो आणि शेंगेन व्हिसा लागतो. उन्हाळ्यातही विंडचीटर बरोबर ठेवा. छत्री मात्र नको, ती इथे मिनिटभरात उलटी होते.